सब्जेक्ट म्हणजे कर्ता नव्हे : ‘हॅविंग’ने सुरू होणाऱ्या वाक्यांबद्दल

या ब्लॉगवर मी एरवी प्रयोगांबद्दल लिहिते. आज प्रयोग ज्या इंग्रजीत लिहून काढले जातात त्या इंग्रजीतल्या एका छोट्याशा रचनेबद्दल लिहायचं आहे. विषय व्याकरणाचा आहे, पण शेवटी गाडी विज्ञानावरच येणार आहे, तेव्हा कंटाळून टॅब बंद करू नका.

आधी एक नमुना बघू. वाक्य माझ्या मनचं आहे, पण जीवशास्त्राचे प्रबंध चाळणाऱ्याला ते अनोळखी वाटणार नाही:

हॅविंग वॉश्ड द सेल्स ट्वाइस, द आरएनए वॉज एक्स्ट्रॅक्टेड.

म्हणायचं आहे ते असं : पेशी दोनदा धुऊन आरएनए वेगळा काढला. मराठीत हे वाक्य अगदी सरळ आहे. इंग्रजीत मात्र त्याचा शब्दशः अर्थ होतो, की आरएनएनेच आधी पेशी धुतल्या आणि मग तो बाहेर निघाला. इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं याला ‘डँगलिंग’ म्हणतात, म्हणजे लोंबकळणारा तुकडा. वाक्याच्या सुरुवातीला टांगलेला आहे, पण ज्याला धरून टांगायचा तो धनीच वाक्यात नाही.

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक : “अरे, ही तर शाळेतली चूक, लिहिणाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे.” दुसरी : “कळतंय ना काय म्हणायचंय ते? मग झालं की!” मला दोन्ही पटत नाहीत. पहिलीत, ही चूक आपल्याकडून नेमकी का होते याचा विचार नाही. दुसरीत, ‘कळतंय’ हे गृहीत धरलेलं आहे, आणि शास्त्रीय लिखाणात ते कधी कधी चक्क खोटं ठरतं.

ही रचना नेमकं काय करते?

‘हॅविंग’ आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप : हॅविंग वॉश्ड, हॅविंग सीन, हॅविंग मेझर्ड. कर्मणी हवं असेल तर हॅविंग बीन वॉश्ड. नकार हवा असेल तर ‘नॉट’ सहसा आधी येतो : नॉट हॅविंग सीन. याला परफेक्ट पार्टिसिपल म्हणतात. नुसतं ‘हॅविंग’ दिसलं म्हणून ते परफेक्ट पार्टिसिपल होत नाही, हे जाता जाता सांगायला हवं. ‘अ प्रोटीन हॅविंग टू सबयुनिट्स’ यातलं ‘हॅविंग’ म्हणजे नुसतं ‘असलेलं’. त्याचा इथे संबंध नाही.

ही रचना एका दमात तीन गोष्टी सांगते. पहिली, क्रम : हे काम मुख्य क्रियापदाच्या आधी पुरं झालं. दुसरी, धनी : हे काम वाक्याच्या सब्जेक्टनेच केलं. तिसरी गोष्ट ती उघड सांगत नाही, नुसती सुचवते : हे झालं *म्हणून* पुढचं झालं.

तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तेव्हा ही रचना फार कामाची आहे. उदाहरणार्थ : ‘हॅविंग फाउंड नो बँड इन द पॉझिटिव्ह कंट्रोल, वी रिपीटेड द एक्सपेरिमेंट.’ पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये बँड दिसला नाही, हे आधी घडलं. ते आम्हीच पाहिलं. आणि म्हणूनच आम्ही प्रयोग पुन्हा केला. तीनही खरं. एका वाक्यात क्रम, माणूस आणि कारण बसलं. तेव्हा ‘हॅविंग वापरूच नका’ असा सल्ला कोणी देत असेल तर तो आळशी सल्ला आहे. प्रश्न इतकाच, की तिन्हींपैकी एखादी गोष्ट खरी नसताना आपण ती रचना वापरतो, आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

पुस्तकं काय सांगतात आणि कुठे कमी पडतात

इंग्रजी लेखनाच्या सल्ल्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापलं. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी वाढवलेली आवृत्ती १९५९ मध्ये आली. त्यात या विषयावर स्वतंत्र नियम आहे. नियम असा, की वाक्याच्या आरंभी पार्टिसिपलचा तुकडा आला तर त्याचा धनी व्याकरणातला सब्जेक्टच हवा. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार उदाहरणांबद्दल आहे.

पुस्तकातली चुकीची वाक्यं मुद्दाम हसू येईल अशी निवडली आहेत. एका वाक्यात मोडकळीला आलंय घर, पण व्याकरणाने मोडकळीला येतो ते विकत घेणारा माणूस. दुसऱ्यात आता काय करावं या विचारात पडलंय ते घड्याळ. वाचून आपण हसतो आणि नियम लक्षात राहतो. गंमत अशी, की त्यामुळे आपल्याला फक्त हसू येणारी चूक पकडायची सवय लागते. वाक्य विनोदी वाटलं नाही की आपण पुढे जातो. आणि शास्त्रीय लिखाणात ही चूक जवळजवळ कधीच विनोदी नसते. आरएनए पेशी धुतोय हे चित्र कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. कारण मेथड्स वाचताना आपण चित्रं बघत नाही, पायऱ्या मोजतो.

आपल्याकडच्या शाळांचं पुस्तक वेगळं. रेन आणि मार्टिन यांचं ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ १९३०च्या दशकातलं. भारतात त्यावर पिढ्या वाढल्या. त्यात वाक्यं जोडण्याचा एक मोठा भाग आहे, आणि दोन सोप्या वाक्यांचं एक करण्याची एक ठरलेली युक्ती म्हणजे पार्टिसिपल. दोन वाक्यं द्यायची, एकाला पार्टिसिपल करून दुसऱ्याला चिकटवायचं. हा व्यायाम आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या पुस्तकातून केलेला आहे. त्यातून हात तयार होतो यात शंका नाही. पण सरावाच्या वाक्यांत दोन्हीकडचा माणूस बहुधा एकच असतो, आणि वाक्यं बहुधा कर्तरी असतात. त्यामुळे ‘धनी कोण?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःला विचारावाच लागत नाही. पुढे विज्ञानात आल्यावर तोच विद्यार्थी अशी वाक्यं लिहायला लागतो ज्यांत माणूस गायब आहे आणि क्रियापद कर्मणी आहे. हात तयार असतो, तो वाक्यं जोडत सुटतो.

हात धुतले कोणी? आंब्याने?

आता माझा मुख्य मुद्दा. ही चूक मराठी माणसाकडून होते ती इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. मराठी चांगली येते म्हणून.

एक वाक्य घ्या : ‘रामाने हात धुऊन आंबा खाल्ला.’ शाळेत शिकलेला प्रयोग आठवा. खाल्ला हे क्रियापद आंब्याप्रमाणे चालतंय. चिंच असती तर खाल्ली, केळं असतं तर खाल्लं. म्हणजे कर्मणी प्रयोग. क्रियापदाने हात धरलाय तो आंब्याचा. तरी हात कोणी धुतले असं विचारलं तर चार वर्षांचं पोरही ‘रामाने’ म्हणेल. आपला ‘-ऊन’ क्रियापद कोणाशी जुळतंय याची पर्वा करत नाही. काम करणारा कोण, एवढंच तो बघतो.

हा नियम मराठीला वारशाने मिळालाय. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एकविसावं सूत्र आहे. संस्कृतातल्या ‘गत्वा’, ‘कृत्वा’ अशा रूपांची अट ते सांगतं : दोन क्रियांचा कर्ता एक असावा, आणि हे रूप आधीच्या क्रियेला लागावं. म्हणजे परफेक्ट पार्टिसिपलच्या ज्या दोन अटी आपण वर पाहिल्या, धनी आणि क्रम, त्या दोन्ही एका सूत्रात. फरक एकच आहे, पण तो सगळा खेळ बदलतो. पाणिनीचा ‘कर्ता’ हे कारक आहे. म्हणजे प्रत्यक्ष क्रिया करणारा. वाक्य कर्मणी करून त्याला तृतीयेत ढकललं तरी तो कर्ताच राहतो. इंग्रजीतला ‘सब्जेक्ट’ तसा नाही. तो वाक्यातली एक जागा आहे. वाक्य कर्मणी केलं की त्या जागेवर दुसरं कोणी येऊन बसतं.

म्हणून रामाचं वाक्य इंग्रजीत कर्मणी करून बघा : ‘हॅविंग वॉश्ड हिज हँड्स, द मँगो वॉज ईटन बाय राम.’ राम वाक्यात आहे, काम त्यानेच केलंय, तरी इंग्रजी वाचणाऱ्याचा डोळा स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामावर जातो. तिथे बसलाय आंबा.

शाळेत आपल्याला ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता, ऑब्जेक्ट म्हणजे कर्म’ असं सांगून टाकतात. कर्तरी वाक्यापुरतं ते चालतं. कर्मणी वाक्य आलं की ते चक्क चुकीचं आहे, आणि शास्त्रीय इंग्रजीत तर कर्मणीचीच गर्दी. मराठी व्याकरणात उद्देश्य आणि विधेय ही जोडी आहे. सब्जेक्टला ‘उद्देश्य’ म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता. एका पारिभाषिक शब्दाच्या सोयीच्या भाषांतराचा हा परिणाम आहे, असं माझं मत आहे.

बरं, मराठीचा ‘-ऊन’ पाणिनीच्या अटीपेक्षाही सैल आहे. ‘बातमी ऐकून मला धक्का बसला.’ बसला कोण, धक्का, ऐकलं मी. तरी वाक्य चोख. वर्तमानपत्राचा मथळा घ्या : ‘भिंत कोसळून दोन जण जखमी.’ कोसळली भिंत, जखमी झाली माणसं. दोन क्रियांचे धनी सरळ वेगळे, तरी कोणाला काही खटकत नाही. इंग्रजीत यासाठी धनी तुकड्यातच सांगावा लागतो : ‘द वॉल हॅविंग कोलॅप्स्ड’. मराठीची ही सैल गाठ मनात घेऊन आपण इंग्रजी लिहायला बसतो, आणि ‘-ऊन’च्या जागी ‘हॅविंग’ ठेवून मोकळे होतो.

प्रश्नावली कोणी भरली?

आता दुसऱ्या प्रतिक्रियेकडे येऊ. कळतंय ना? मग झालं.

हे वाक्य बघा : ‘हॅविंग रेस्टेड फॉर फाइव्ह मिनिट्स, द नर्स मेझर्ड द पेशंट्स ब्लड प्रेशर.’ व्याकरणाप्रमाणे पाच मिनिटं आराम केला नर्सने. पण रक्तदाब घेण्याआधी रुग्णाला काही मिनिटं शांत बसवतात हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे आपण वाक्य मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि पुढे जातो. इथे ‘कळतंय’ हे खरं आहे. मात्र वाक्य अडत होतं, आपल्या आधीच्या माहितीने ते तारलं.

आता त्याच अभ्यासातलं पुढचं वाक्य : ‘हॅविंग कम्प्लीटेड द क्वेश्चनेअर, द नर्स मेझर्ड द पेशंट्स ब्लड प्रेशर.’

प्रश्नावली कोणी भरली? व्याकरण म्हणतं नर्सने. लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित रुग्ण असेल. इथे माझी माहिती मला तारू शकत नाही, कारण दोन्ही शक्य आहे. दोन्ही पद्धती रोज वापरल्या जातात : कधी नर्स प्रश्न विचारून उत्तरं लिहिते, कधी रुग्ण स्वतः कागद भरतो. आणि या दोन पद्धतींची माहिती एकसारखी नसते. प्रश्न दारूचा, तंबाखूचा किंवा गोळ्या वेळेवर घेण्याचा असेल, तर समोर विचारणारी व्यक्ती बसलेली असताना लोक जरा ‘बरं दिसेल’ असं उत्तर देतात. सर्वेक्षणाच्या शास्त्रात ही अगदी मूलभूत गोष्ट आहे. म्हणजे या वाक्यात जे हरवलं, ती माहितीच आहे. शैलीचा प्रश्न इथे राहिलाच नाही. उद्या कोणी हा अभ्यास दुसऱ्या गावात पुन्हा करायला घेतला, तर कागद कोणाच्या हातात द्यायचा हे त्याला कळणार नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, हे वाक्य हसवत नाही, अडवत नाही, संशयही येऊ देत नाही. वाचणारा आपल्याला सोयीचा अर्थ घेतो आणि निघून जातो.

‘कोणी केलं’ हे विज्ञानात फालतू नसतं याचा पुरावा हवा असेल तर कन्सॉर्ट ही सूची बघा. यादृच्छिक वैद्यकीय चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा यासाठी ती १९९६ मध्ये पहिल्यांदा आली. तिच्या २०१०च्या आवृत्तीत स्पष्ट विचारलंय : यादृच्छिक क्रम कोणी तयार केला, सहभागी कोणी नोंदवले, त्यांना गटांत कोणी टाकलं, आणि कोणाकोणाला गट माहीत नव्हता. कारण उघड आहे. ज्याला क्रम माहीत आहे तोच जर रुग्ण निवडत असेल, तर नकळत का होईना, पारडं झुकतं. आता ‘हॅविंग रिव्ह्यूड द रेकॉर्ड्स, द पार्टिसिपंट्स वेअर असाइन्ड टू ग्रुप्स’ असं कोणी लिहिलं, तर कन्सॉर्टने विचारलेल्या नेमक्या प्रश्नावरच पडदा पडतो. नोंदी वाचल्या कोणी? गट पाडणाऱ्यानेच का?

इथे कोणी म्हणेल, की दोष हॅविंगचा नाही, कर्मणीचा आहे. अर्धं खरं आहे. कर्मणी माणसाला वाक्यातून बाहेर काढतं, पण निदान प्रामाणिकपणे : ‘द सेल्स वेअर वॉश्ड’ म्हणताना धुणारा सांगितला नाही, एवढंच. हॅविंग मात्र धनी असल्याचं वचन देतं आणि मग भलत्यालाच पुढे करतं. कर्मणी गप्प बसतं, लोंबकळणारं हॅविंग चुकीचं नाव सांगतं. आणि शास्त्रीय लिखाणात ‘वी’ चालत नाही हा समजही आता सोडायला हवा. नेचरच्या नियतकालिकांच्या लेखकांसाठीच्या सूचनांत कर्तरी प्रयोगाला पसंती आहे. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएच्या रचनेवरचा पेपर लिहिला, तोही ‘आम्ही’ म्हणतच.

प्रत्येक ‘-ऊन’ आधीचा नसतो

दुसरा घोटाळा क्रमाचा. ‘ती हसून म्हणाली’ यात आधी हसणं संपवून मग बोलली असं नसतं. हसत हसत बोलली. ‘खाली बसून वाचतो’ म्हणजे वाचताना बसलेलाच असतो. मराठीचा ‘-ऊन’ कधी आधीचं काम सांगतो, कधी रीत सांगतो, कधी साधन. ‘हॅविंग’ फक्त आधी पुरं झालेलं काम सांगतं.

म्हणून ‘पीसीआर वापरून डीएनए वाढवला’ याचं ‘हॅविंग यूज्ड पीसीआर, वी अँप्लिफाइड द डीएनए’ केलं की भलतंच होतं. इथे धनी बरोबर आहे, ‘वी’. पण वाक्य म्हणतंय, आधी पीसीआर उरकला आणि त्यानंतर, वेगळ्याने, डीएनए वाढवला. पीसीआर म्हणजेच तर डीएनए वाढवणं! तिथे ‘बाय पीसीआर’ एवढे दोन शब्द पुरतात. साधन सांगायचं असेल तर ‘बाय’ किंवा ‘यूजिंग’. एकाच वेळी चालू असेल तर साधं ‘-इंग’. आणि आधीचं काम खरोखर पुरं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही, हे ठसवायचं असेल तेव्हाच ‘हॅविंग’. एकामागून एक पटापट होणाऱ्या पायऱ्यांना तर यातलं काहीच लागत नाही. ‘द सेल्स वेअर वॉश्ड ट्वाइस अँड लाइज्ड’ : धुतल्या आणि फोडल्या. क्रम शब्दांच्या रांगेतूनच कळतो.

कावळा, फांदी आणि हॅविंग

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त खटकते, आणि तिच्यात व्याकरणाची चूक मुळीच नाही.

‘हॅविंग रिसीव्ड द ड्रग, द पेशंट्स रिकव्हर्ड.’ धनी बरोबर : औषध मिळालं रुग्णांना, बरे झाले रुग्ण. क्रम बरोबर : आधी औषध, मग बरं होणं. पुस्तकातल्या नियमाने या वाक्याला दहापैकी दहा. पण वाचणाऱ्याच्या मनात काय उतरतं? औषधाने रुग्ण बरे झाले. वाक्यात ‘बिकॉज’ कुठेच नाही, ‘ड्यू टू’ नाही. लिहिणाऱ्याला अडवलं तर तो म्हणेल, मी फक्त क्रम सांगितला. आणि वाचणारा कारण घेऊन घरी जातो.

मराठीतही हे आहेच. ‘औषध घेऊन रुग्ण बरे झाले’ ऐकल्यावर कोण म्हणेल की दोन गोष्टींचा संबंध नाही? पण मराठीने या खोडीसाठी म्हणही करून ठेवलीय : कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आधी घडलं एवढ्यावरून त्यामुळे घडलं असं होत नाही. कंट्रोल गट आपण नेमका त्यासाठीच ठेवतो. इतके पैसे आणि महिने घालवून कावळा आणि फांदी वेगळी करायची, आणि मग डिस्कशन लिहिताना एका ‘हॅविंग’ने दोघांना परत बांधायचं, हे मला पटत नाही. कारण सिद्ध झालं असेल तर ‘बिकॉज’ लिहावं आणि त्याची जबाबदारी घ्यावी. नसेल तर ‘आफ्टर’ लिहावं. ‘आफ्टर’ही कधी कधी कारण सुचवतं, पण निदान ते काळाचा शब्द म्हणून उघड उभं असतं.

स्ट्रंकच्या नियमाची मर्यादा इथे दिसते. तो नियम धनी तपासतो; दावा तपासत नाही. साहित्यिकाला तेवढं पुरत असेल, संशोधकाला पुरत नाही.

मग सगळंच लोंबकळणारं चूक का?

नाही. इथे कडक सोवळं पाळणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ‘हॅविंग सेड दॅट, द इफेक्ट इज स्मॉल’ यात म्हणणारा कोणीच दिसत नाही, तरी तो वाक्प्रचार आता इंग्रजीत रुळलाय. ‘अझ्यूमिंग’, ‘गिव्हन’, ‘कन्सिडरिंग’ हे तर जवळजवळ अव्ययासारखे वापरले जातात. गणितातल्या सिद्धता त्यांच्याशिवाय लिहिताच येणार नाहीत. ‘द डीएनए वॉज अँप्लिफाइड यूजिंग पीसीआर’ मध्येही वापरणारा गायब आहे, पण ते वाचून कोणाचं काही बिघडत नाही. आणि जुनं उदाहरण हवं असेल तर ‘हॅम्लेट’मधलं भूत बघा. आपण बागेत झोपलो असताना साप चावला अशी हूल उठवली गेली, असं ते सांगतं. पण वाक्याच्या व्याकरणाने झोपलेला असतो तो साप. शेक्सपिअरला त्यासाठी कोणी नापास केलेलं नाही.

स्टीव्हन पिंकर यांनी ‘द सेन्स ऑफ स्टाइल’ या २०१४च्या पुस्तकात हीच बाजू मांडलीय : असे तुकडे मुळात व्याकरणबाह्य नसतात, वाचकाला चुकीच्या दिशेने नेतात तेव्हा ते टाळावेत. मला हे मान्य आहे, फक्त एक भर घालून. पिंकर यांचा वाचक वाक्यात अडखळतो, मागे वळतो, सावरतो. मेथड्सचा वाचक अडखळत नाही. तो चुकीच्या दिशेने जातो आणि त्याला ते कधी कळतही नाही. त्यामुळे आपल्या क्षेत्रात कसोटी ‘वाचायला खटकतं का?’ ही नसून ‘दुसरा अर्थ शक्य आहे का?’ ही असायला हवी.

ड्राफ्ट तपासताना

सोपं काम आहे. आपल्या ड्राफ्टमध्ये ‘हॅविंग’ शोधा. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा.

पहिला : स्वल्पविरामानंतरचं पहिलं नाम कोणतं? त्यानेच हे काम केलं का? नसेल तर तीन वाटा आहेत. माणूस आणा : ‘हॅविंग वॉश्ड द सेल्स ट्वाइस, वी एक्स्ट्रॅक्टेड द आरएनए.’ किंवा ज्यावर काम झालं तेच दोन्हीकडे ठेवा : ‘हॅविंग बीन वॉश्ड ट्वाइस, द सेल्स वेअर लाइज्ड.’ किंवा सरळ दोन वाक्यं करा. नुसतं ‘हॅविंग वॉश्ड’चं ‘आफ्टर वॉशिंग’ केल्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. धनी त्यालाही लागतो, फक्त वाचक तिथे जरा जास्त माफ करतो.

दुसरा : हे काम खरंच आधी पुरं झालं होतं का, की ही नुसती रीत किंवा साधन आहे? रीत असेल तर ‘हॅविंग’ काढा.

तिसरा : इथे मनातून ‘बिकॉज’ म्हणायचंय का? असेल तर तो म्हणण्याइतका पुरावा आहे का?

व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे काम सोपवू नका. आरएनएने पेशी धुतल्याचं ते कदाचित पकडेल. प्रश्नावली नर्सने भरली की रुग्णाने, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण ते त्या खोलीत नव्हतं. औषधाने गुण आला की आपोआप, हेही त्याला ठाऊक नाही. ही माहिती फक्त काम करणाऱ्याकडे असते, आणि ती कागदावर आली नाही तर लॅब सोडताना त्याच्याबरोबरच निघून जाते. पाच वर्षांनी त्याच फ्रीझरसमोर उभ्या राहणाऱ्या ज्युनिअरकडे तुमचं वाक्यच तेवढं असणार आहे. त्यात काम करणाऱ्याचा पत्ता बरोबर असू द्या.